काकांचे बिनतारी यंत्र

बोईसर स्थानकावरून तारापूरच्या किनाऱ्याकडे निघाले की हवेची चव बदलत जाते. औद्योगिक वसाहत संपेपर्यंत ती कारखान्यांची असते; चिंचणी-तारापूरच्या माडांमध्ये शिरल्यावर ती मिठाची होते. ह्या खाऱ्या हवेशी किनारपट्टीवरच्या माणसांचे वैर फार जुने आहे. खिडकीचे गज, सायकलची साखळी, चर्चच्या घंटेची कडी, काहीच ती सोडत नाही. तांब्यावर ती हिरवा फुलोरा आणते, ॲल्युमिनियमवर पांढरा. म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावर चार दशके उभे असलेले एक विजेचे यंत्र पुन्हा चालू करण्याचा विचार आम्ही बोलून दाखविला, तेव्हा ज्यांना त्यातले कळत होते त्यांनी आम्हाला हात जोडले. ज्यांना कळत नव्हते त्यांनी भंगारवाल्याचे नाव सुचविले.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरल्याने तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या विद्युत विभागात उमेदीची सारी वर्षे काढली. धाकट्याने पालघरला शाळेत विज्ञान शिकविले. हा मजकूर दोघांच्या संमतीने लिहिला आहे आणि जेथे मतभेद झाला तेथे तो झाकलेला नाही.

यंत्र आमच्या थोरल्या काकांचे. त्याला हौशी बिनतारी प्रक्षेपक म्हणतात. आपल्या घरातला रेडिओ केवळ ऐकतो, प्रक्षेपक बोलतो. सरकारी परवाना काढून, ठरवून दिलेल्या लहरींवर, कोणताही मोबदला न घेता जगातल्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचे, एवढाच ह्या छंदाचा अर्थ. इंग्रजीत अशा माणसाला 'हॅम' म्हणतात. नाटकवाला जसा रंगमंचाचा, तसा हा आकाशाचा वेडा.

काका मूळचे ह्या छंदातले नव्हते. त्यांचा तो पोटाचा धंदा होता. मालवाहू जहाजांवर ते रेडिओ ऑफिसर होते. खलाशी त्यांना 'मार्कोनीसाहेब' म्हणत. जहाजावर त्यांची एक कोठडी, एक घड्याळ आणि कानाला लावलेले दोन श्रवणयंत्राचे तुकडे, एवढेच जग. त्या घड्याळाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. संकटात सापडलेली जहाजे ५०० किलोहर्ट्झच्या लहरीवर हाक देत. ती हाक गोंगाटात बुडू नये म्हणून दर तासाला पंधराव्या मिनिटापासून अठराव्यापर्यंत आणि पंचेचाळिसाव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत त्या लहरीवर कोणीही चकार शब्द काढायचा नाही, सर्वांनी फक्त ऐकायचे, असा आंतरराष्ट्रीय नियम होता. रेडिओच्या कोठडीतील घड्याळाच्या तबकडीवर तेवढे दोन भाग तांबडे रंगविलेले असत. सातही समुद्रांवरचे मार्कोनीसाहेब दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा तीन-तीन मिनिटे हात आवरून बसत आणि कोण बुडते आहे का ते ऐकत. उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून सर्व जहाजांना पूर्णपणे लागू झाली आणि ह्या पद्धतीची गरज उरली नाही. काकांनी जहाज सोडल्यावर दारुखान्यातून, मोडीत निघालेल्या कोणत्यातरी बोटीचे तसले घड्याळ विकत आणले होते. ते आजही त्या खोलीच्या भिंतीवर आहे. बालपणी आम्हाला त्या तांबड्या पाकळ्यांचा अर्थ कळला तेव्हा देऊळमातेच्या 'देवदूताचा निरोप' प्रार्थनेची घंटा आणि ही तांबडी तीन मिनिटे आमच्या मनात एकत्रच झाली. अजूनही ती पुरती वेगळी झालेली नाहीत.

१९७८ साली काका किनाऱ्यावर आले आणि तारापूरजवळ छोटी वाडी घेऊन राहिले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी प्रक्षेपक बांधला. बाजारात तयार मिळत नव्हता आणि मिळाला असता तरी परवडला नसता. मुंबईच्या चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सामान तेव्हाही किलोवर मिळे. तेथून व्हॉल्व्ह, मीटर, कंडेन्सर गोळा करून त्यांनी ॲल्युमिनियमच्या दोन मजली चॅसीवर तो उभा केला. खालच्या मजल्यावर वीजपुरवठा: ट्रान्सफॉर्मर, चोक, तेलात बुडविलेल्या कागदाचे दोन मोठे कंडेन्सर. वरच्या मजल्यावर दोन व्हॉल्व्ह. पहिला ६व्ही६, स्फटिकाच्या तालावर लहर निर्माण करणारा. दुसरा ८०७, ती लहर बळकट करून एरियलकडे धाडणारा. ८०७ च्या डोक्यावर धातूची टोपी असते आणि त्या टोपीवर सहाशे व्होल्ट. चॅसीच्या आतल्या बाजूस खिळ्याने कोरून काकांनी साल घातले होते, १९७९, आणि शेजारी एक छोटा क्रूस.

यंत्राच्या वर संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचे चित्र होते. नात्झींच्या छळछावणीत दुसऱ्याच्या जागी मरण पत्करणारा हा पोलिश धर्मगुरू स्वतः परवानाधारक हौशी प्रक्षेपक होता. त्याचे संकेतनाम एसपी३आरएन. १९८२ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले आणि जगभरच्या हॅम मंडळींनी त्याला आपला कैवारी मानले. तो मरण पावला १४ ऑगस्ट १९४१ रोजी. बरोबर एक वर्षाने, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, आमच्या पालघरात 'चले जाव'च्या मोर्चावर गोळ्या चालल्या आणि पाच जण हुतात्मे झाले. काका त्या दिवशी सकाळी मिस्साला जात आणि नंतर पालघरला हुतात्मा स्तंभापाशी. दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकाच दिवसाच्या होत्या.

त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेसचा गुप्त रेडिओ सुरू झाला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी मंडळींचे परवाने रद्द करून त्यांची यंत्रे जमा करून घेतली होती. तरीही नरिमन प्रिंटर ह्या जुन्या हॅमने सुटे भाग जुळवून प्रक्षेपक उभा केला. पोलिसांच्या भीतीने तो एका घरातून दुसऱ्या घरात हलविला जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो पकडला गेला. तो पकडून देण्यात प्रिंटरचाच हात होता, हेही सांगितले पाहिजे. यंत्र जुळविणारा हात आणि टिकणारा हात नेहमी एकच असतो असे नाही. त्या रेडिओची लहर होती ४२.३४ मीटर. धाकट्याने शाळेच्या सवयीने गणित केले: सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आज हौशी मंडळींसाठी राखून ठेवलेल्या चाळीस मीटरच्या पट्ट्यातच ती मोडते. काकांचा प्रक्षेपकही ह्याच पट्ट्यावरचा.

दुसरी हकीकत आमच्या आणखी जवळची आहे. तलासरीच्या पलीकडे दादरा आणि नगरहवेली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो मुलूख पोर्तुगीजांकडून मुक्त झाला तेव्हा पोर्तुगीज अंमलदारांचे बिनतारी संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले. त्यांत फेरफार करून प्रक्षेपक तयार झाला आणि २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीचा आवाज कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये उमटला. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ह्या दोघांनी तो केंद्र चालविला. पुढे तो कॅसलरॉककडे हलला आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत चालू राहिला. व्हॉल्व्हच्या यंत्राला दमटपणा किती छळतो हे आता आम्ही स्वतःच्या हातांनी पाहिले आहे. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्यालाच त्या दोघांच्या चिकाटीची कल्पना येईल. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. ज्या राज्यकर्त्यांचे संच, त्यांच्याच विरुद्ध बोलले. काका ही गोष्ट सांगताना नेहमी त्या दोघांपेक्षा, ज्याने ते संच उघडून त्यांच्या तारा बदलल्या त्या अनाम माणसाबद्दलच अधिक बोलत.

आता काकींकडे वळले पाहिजे, कारण हा लेख खरा त्यांचाच आहे.

१९८७ च्या उपवासकाळातील एका शुक्रवारी रात्री काकांना ह्या यंत्राचा जबर धक्का बसला. एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर जायचे असले की आतले तारेचे वेटोळे उपसून दुसरे बसवावे लागे. त्यासाठी त्यांनी हात आत घातला आणि ते मागच्या कपाटावर फेकले गेले. उजव्या तळव्यावर भाजल्याचा व्रण शेवटपर्यंत राहिला. काकी तेव्हा खोलीतच होत्या. त्यांचे म्हणणे असे की काकांनी खटका बंद केला होता, प्लग काढला होता आणि कोणी चुकून लावू नये म्हणून तो काकींच्या हातात दिला होता. प्लग हातात असताना धक्का बसला.

कोणी विश्वास ठेवला नाही. वीज प्लगातून येते. प्लग बाहेर असेल तर ती येणार कोठून? डॉक्टर हसले, शेजारी हसले. घाबरलेल्या बाईने नंतर प्लग उपसला असेल आणि क्रम उलटा लक्षात राहिला असेल, असे सर्वांनी ठरविले. खुद्द काकाही म्हणत, "मीच विसरलो असेन." त्यांनी ते काकींना वाचविण्यासाठी म्हटले की स्वतःची समजूत घालण्यासाठी, ते आम्हाला कळलेले नाही. काकींनी मात्र आपली जबानी एका शब्दानेही बदलली नाही. त्या दिवसापासून यंत्र चालू असताना त्या खोलीत पाऊल ठेवीत नसत. ओसरीवर माळ घेऊन बसत. घरात हा थट्टेचा विषय झाला होता. "काकींचे भूत" असे आम्ही मुले त्या यंत्राला म्हणत असू.

काका २०१४ साली गेले, पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी. त्यांचा परवाना त्यांच्याबरोबरच संपला. यंत्रावर चादर पडली. मुंबईच्या एका संग्राहकाने बरी रक्कम देऊ केली होती आणि वाडीतल्या घराची कौले तेव्हा बदलायला आली होती. तरीही काकींनी ते विकले नाही. ठेवले म्हणून चालूही करू दिले नाही. "ज्या दिवशी त्याला वीज लावाल," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी आधी मला तुमच्या घरी नेऊन बसवा."

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. आमच्याकडची वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचे मनोरे मुके झाले. काकांची नात तेव्हा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होती. मेणबत्तीच्या उजेडात तिने विचारले की आजोबांचे यंत्र अशा वेळीच उपयोगाचे नव्हते का? प्रश्न बरोबर होता. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे संपर्क तुटले, तेव्हा हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद ह्या बाईंनी आपल्या यंत्रावरून कितीतरी कुटुंबांना आपल्या माणसांची खबर मिळवून दिली होती. शिवाय २०१८ च्या नोव्हेंबरपासून आमच्या डहाणू-तलासरीकडे भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, ती गावे महिनोन् महिने अंगणात झोपली. ज्या जिल्ह्यात अणुवीज केंद्र आहे, समुद्र आहे आणि पायाखालची जमीनही हलते, तेथे बोलण्याचा एखादा जादा मार्ग असणे वाईट नाही.

पहिली अट आम्हीच घातली: परवाना हाती येईपर्यंत यंत्राला वीज नाही. बिनपरवाना प्रक्षेपक चालविणे हा गुन्हा आहे आणि काकांच्या यंत्राने काकांच्या नावाला बट्टा लावून घेणे आम्हाला मान्य नव्हते. मुलीने परीक्षेचा अभ्यास धरला. नियम आणि विद्युतशास्त्र तिला सोपे गेले. मॉर्सच्या संकेतांनी मात्र तिचे एक वर्ष खाल्ले. त्या काळात आम्ही यंत्र फक्त उघडले.

उघडल्यावर जे दिसले त्याने थोरल्याचा चेहरा उतरला. आतील तारांवर रबराचे वेष्टण आणि त्यावर सुताची वीण होती. रबर बोट लावताच बिस्किटासारखे कुसकरत होते. यंत्राला अर्थिंग नव्हते. दोन पिनांचा प्लग, आणि चॅसी हवेत. मॉर्सची कळ व्हॉल्व्हच्या कॅथोडशी थेट जोडलेली, म्हणजे कळ वर असताना तिच्या उघड्या धातूवर चटका बसेल इतका दाब. ८०७ च्या काचेतील चंदेरी डाग पांढरा पडला होता. आत हवा शिरल्याची ती खूण, तो व्हॉल्व्ह मेलेला. परंतु काम किती सुंदर होते! जहाजांवरच्या रिवाजाप्रमाणे तारांच्या जुड्या मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या, इंचा-इंचावर एक गाठ, साऱ्या गाठी एका रेषेत. जाळी विणणारा एक शेजारी सहज डोकावला आणि म्हणाला, "ही तर आमची गाठ."

रेझिस्टन्स एकेक करून मीटरवर तपासताना ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला, अगदी तळाशी, बोटाएवढा हिरव्या मीनाकारीचा एक रेझिस्टन्स लागला. पन्नास हजार ओहम. मीटरचा काटा हलला नाही. सोडवून भिंगाखाली धरला, तर टोकाशी केसाएवढी भेग आणि भेगेत हिरवी भुकटी. खाऱ्या हवेने आतली बारीक तार खाल्ली होती.

विजेच्या कामातल्या लोकांना आता पुढे सांगायला नको. इतरांसाठी थोडे सांगतो. मोठ्या दाबाच्या यंत्रात कंडेन्सर हे विजेचे रांजण असतात. यंत्र बंद केले तरी रांजण भरलेलेच राहतात. ते आपोआप रिकामे व्हावेत म्हणून त्यांना कायमचे एक बारीक भोक पाडून ठेवतात. ते भोक म्हणजे हा रेझिस्टन्स. तो शाबूत असेल तर चार-पाच सेकंदांत सहाशे व्होल्ट नाहीसे होतात. तो तुटला, आणि मॉर्सची कळ वर असली, तर विजेला जायला वाटच उरत नाही. थोरल्याने ते दोन कंडेन्सर बाहेर काढून साठ व्होल्टने भरले आणि टेबलावर ठेवले. आम्ही चहा घेतला, चिंचणीला जाऊन मासळी आणली, परत येऊन मीटर लावला. निम्म्याहून अधिक वीज तशीच होती.

काकांची नोंदवही काढली. प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, लहर, सारे रेखीव अक्षरात. १९८७ च्या त्या शुक्रवारपर्यंत तीन पट्ट्यांवरच्या नोंदी आहेत. त्यानंतर सत्तावीस वर्षांत केवळ चाळीस मीटर. वेटोळे पुन्हा कधीच बदललेले नाही. झाकणाच्या स्क्रूंवर रंगाचा थर चढला होता. काकांनी आत हात घातला नाही म्हणून ते वाचले आणि आत हात घातला नाही म्हणूनच त्यांना तो तुकडा दिसला नाही.

आम्ही दोघे तो रेझिस्टन्स घेऊन काकींपुढे बसलो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला कंडेन्सर समजावून सांगणे सोपे नव्हते, पण विहिरीचा आणि रहाटाचा दाखला देत धाकट्याने ते जमविले. सारे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे प्लग माझ्या हातात होता."

"होता, काकी."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "हा केवढ्याचा येतो?" तेव्हा दहा रुपयांच्या आतच आला असता, असे थोरल्याने सांगितले. त्या हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तुकडा आमच्याकडून मागून घेतला. तो परत मिळालेला नाही आणि आम्ही मागितलेलाही नाही.

एका बाईने सदतीस वर्षांपैकी बहुतेक काळ एकच वाक्य सांगितले आणि ते खरे होते. घरात विज्ञानाचा शिक्षक होता, विजेचा जाणकार होता, समुद्रावर आयुष्य काढलेला तंत्रज्ञ होता. पण पाहणारी एकटी तीच होती.

त्यानंतर यंत्र कसे दुरुस्त करायचे ह्यावर आम्हा भावांत कडाक्याचे वाजले. धाकट्याचे म्हणणे, काकांच्या हाताची एक तारही हलवू नये. ज्या जुन्या वस्तूवर नवे हात फिरले ती जुनी राहत नाही. थोरल्याचे म्हणणे, ज्या वस्तूने घरातल्या माणसाला मारायला काढले तिच्यापुढे उदबत्ती लावण्यात अर्थ नाही, सर्व उपटावे. दोन रविवार बोलणे बंद होते. शेवटी ठरले ते असे की ज्याने जीव जाऊ शकतो ते बदलायचे, जे केवळ ओबडधोबड आहे ते तसेच ठेवायचे. ह्या कसोटीवर एकेक तार ठेवून पाहिली.

रबराच्या साऱ्या तारा गेल्या. त्यांच्या जागी उच्च दाबाच्या टेफ्लॉनच्या आल्या, पण काकांच्याच मार्गाने, त्यांच्याच वळणांनी, आणि मेणदोऱ्याच्या त्याच गाठींनी बांधून. गाठी त्या शेजाऱ्याने शिकविल्या. तीन पिनांचा प्लग आला. परसात खड्डा खणून कोळसा-मीठ भरून तांब्याची पट्टी पुरली. समुद्रकाठच्या ओल्या जमिनीला अर्थिंग उत्तम लागते, खाऱ्या हवेचे एवढे एकच उपकार. तुटलेल्या रेझिस्टन्सच्या जागी एक नव्हे, दोन शेजारी-शेजारी बसविले, प्रत्येक एक लाख ओहमचा. एक तुटला तरी दुसरा रांजण रिकामा करील. व्हॉल्व्हवर जाळीचे झाकण घातले आणि कारखान्यातल्या पॅनेलच्या दाराला असतो तसा स्विच लावला. झाकण उचलताच वीज तुटते. बाजूला लाकडी दांड्याचा, अर्थिंगला जोडलेला पितळी आकडा टांगला. बंद केल्यावरही हात घालण्याआधी तो आकडा टेकवून पाहायचा. मॉर्सची कळ आता बारा व्होल्टच्या रिलेवर चालते. ह्या रिलेवर धाकट्याने शेवटपर्यंत कुरकुर केली, आजही करतो.

८०७ साठी डहाणू लोकलने मुंबई गाठली, गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडवर आता मोबाइलचे आणि संगणकाचे राज्य आहे. पाच दुकानदारांनी व्हॉल्व्ह म्हणजे नळाचा का, असे विचारले. सहावा म्हातारा काही न बोलता पोटमाळ्यावर चढला आणि युद्धकाळच्या तपकिरी खोक्यातला, कधीही न वापरलेला ८०७ घेऊन उतरला. शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा मात्र त्याच्याकडेही नव्हता. एलईडीच्या दिवसांत तो शोधायला आम्हाला व्हॉल्व्हपेक्षा अधिक पायपीट पडली.

तो दिवा कशासाठी, ते सांगतो. जुने यंत्र प्रथम चालू करताना त्याच्या वाटेत एक दिवा जोडतात; वायरमन त्याला सिरीज लॅम्प म्हणतात. आत कोठे तारा भिडल्या असतील तर दिवा लखलखतो आणि यंत्र वाचते. सारे ठीक असेल तर तो क्षणभर पेटून मंदावतो. परवाना २०२३ च्या अखेरीस आला. जानेवारीत एका दुपारी आम्ही खटका दाबला. दिवा पेटला, मंदावला, आणि व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी तंतू उजळले. एरियलच्या जागी चाळीस वॅटचा आणखी एक दिवा जोडला होता, म्हणजे लहर घराबाहेर न जाता उजेड होऊन खर्च व्हावी. कंडेन्सरची मूठ फिरवत गेले की एका बिंदूशी मीटरचा काटा एकदम खाली झुकतो. तेथे व्हॉल्व्ह आणि वेटोळे यांचा ताल जमतो. काटा झुकला. दिवा पांढऱ्याजवळ गेला. नातीने कळेवर हात ठेवून स्वतःचे नाव मॉर्समध्ये दिव्याला ऐकविले.

काकी त्या दिवशी घरातच होत्या. ओसरीवरून त्या दारापर्यंत आल्या, दिवा पाहिला आणि विचारले, "आता बंद करा. बंद केल्यावर किती वेळ लागतो?" थोरल्याने खटका पाडला आणि मीटरवर बोट ठेवून मोजले. चौथ्या आकड्याला काटा शून्यावर होता. त्यांनी पुन्हा करायला लावले. तीनदा करायला लावले. मग खुर्ची आत घेतली.

फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारच्या आदल्या आठवड्यात, वीस मीटरची तार कौलांच्या आढ्यापासून माडाला बांधली. संध्याकाळी समुद्राच्या बाजूने लाली उतरत असता नातीने हाक दिली. पंधरा-वीस मिनिटे फक्त खरखर. घड्याळाचा काटा तांबड्या भागात आला तेव्हा तिने आपणहून हात उचलला. त्या नियमाशी ह्या लहरीचा काही संबंध नाही, तरीही उचलला. काटा पुढे सरकल्यावर पुन्हा हाक दिली आणि कर्नाटकातून एका गृहस्थाचे उत्तर आले, बारीक पण स्वच्छ. त्यांनी आमच्या लहरीला गुण दिले, ५६९, आणि मागे 'सी' हे अक्षर जोडले. 'सी' म्हणजे आवाज किलबिलतो. कळ दाबताच सूर जरासा घसरतो, चिमणीसारखा. कोणते यंत्र, असे त्यांनी विचारले. तिने कळविले, आजोबांचे, ८०७. पलीकडे क्षणभर थांबून त्यांनी ७३ पाठविले. हॅम मंडळींच्या भाषेत तो नमस्कार.

जुन्या नोंदवहीत ती नोंद दशकभराच्या कोऱ्या जागेनंतर पुढच्याच ओळीवर आहे. मागे चाळून पाहिले तर काकांनाही कितीतरी जणांनी तेच 'सी' दिलेले आढळले. दाब स्थिर ठेवणारा एक व्हॉल्व्ह बसविला तर ही किलबिल थांबेल. थोरल्याने तो आणूनही ठेवला आहे. नात म्हणते, लावू नका. धाकटा तिच्या बाजूने आहे. ज्याने जीव जात नाही ते बदलायचे नाही असे ठरले होते, याची तो आठवण करून देतो. पुडके कपाटात तसेच पडून आहे. काकींना ह्या वादात रस नाही. त्यांची चौकशी एवढीच की यंदा पावसाच्या आधी माडावरचा दोर बदलणार आहात की नाही, कारण गेल्या वर्षीचा खाऱ्या हवेने कुजला आहे.